उजव्या खांद्याची परीक्षा

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू बाबाशी भांडलीस का?" बाबा तिकडे तुमच्या शेजारीच बसला होता, म्हणून मी विषय बदलला. झालं ते तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते आहे.

मोरीत पाय घसरून मी उजव्या खांद्यावर पडले. हाड मोडलं नाही, पण हात बरेच दिवस झोळीत ठेवावा लागला आणि झोळी काढल्यावर तो वर जाईना. बाबा रजा काढून तिकडून विमानाने माझ्याकडे डोंबिवलीला आला. माझी धडपड बघून म्हणाला, "आई, हात सुधारला नाही तर हे घर बंद. माझ्याकडे यायचं. वाद नको."

मग तो माझ्याबरोबर ठाण्याला, खोपटजवळ, फिजिओथेरपीला आला. तिथली फिजिओथेरपिस्ट कळव्याची, वयाने लहान, जिभेची तिखट. मी हात बाजूने उचलू लागताच ओरडली, "आजी, खांदा खाली! कानाशी काय गुपित बोलतोय तो?"

मग बाबाला म्हणाली, "दादा, हात उचलायला सुरुवात आतला छोटा स्नायू करतो, मग वरचा मोठा भार घेतो. आजींचा छोटा दमलाय, म्हणून मानेचा स्नायू मध्ये पडतोय. खांदा चढतो तो त्यामुळे."

"म्हणजे आतला तुटलाय?"

"बघू ना." तिने माझा हात उचलून खांद्याच्या उंचीला धरला. "मी सोडणार. आजी, हळूहळू खाली आणायचा. धप्पकन पडला तर डॉक्टरांना दाखवू. कदाचित ऑपरेशन."

बाबा खुर्चीतून उठला. मला हाताकडे बघवेना. तिने बोटं काढली. दंडाच्या बाहेरून कळ निघाली, हात थरथरला, पण उतरत राहिला. कमरेजवळ मात्र सुटला आणि मांडीवर आपटला.

"पडला!" बाबा म्हणाला.

"अहो दादा, शेवटी पडला. तोवर कोणी धरला, तुम्ही? पूर्ण तुटलेला असता तर वरूनच आला असता. व्यायामाने येईल ताकद, वेळ लागेल."

बाबा हसला नाही. परतताना गाडीत म्हणाला, "तरी मला काळजी वाटते."

"वाटू दे. घर बंद होणार नाही."

विमानतळाला निघेपर्यंत तो माझ्याशी मोजकंच बोलला. आमचं भांडण ते एवढंच.

आज हात खांद्याच्या थोडा वर जातो, पाठीमागे अजून जात नाही. मी डोंबिवलीतच, आपल्या घरात राहते आहे.