जागा धरली आणि सभा उठली

बेसिंगस्टोकहून निघालो तेव्हा पिशवीत चकल्यांचा स्टीलचा डबा होता आणि डोक्यात व्हिसा. इराकचं युद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. ट्रेनमध्ये समोरचा गृहस्थ माझ्या पिशवीकडे बघत होता, म्हणून मी त्याच्याकडे बघत बसलो. एकमेकांवर पहारा देत आम्ही तासभर प्रवास केला.

भाची रेवा स्टेशनवर घ्यायला आली होती. जन्म इथलाच, क्रॉयडनचा; मराठी मात्र आईच्या धाकापुरतं. दुपारी कॉलेजात युद्धावर वादसभा होती आणि ती विरोधात बोलणार होती.

"मामा, तू टाळ्या वाजवशील ना? लाउड?"

"बेतानं वाजवीन. वर्क परमिटवर आहे मी."

"ओ गॉड, मामा!"

कॉलेजच्या क्वाडमध्ये (इमारतींच्या मधलं हिरवळीचं चौकोनी अंगण) मुलं आपल्याच सरकारविरुद्ध पत्रकं वाटत होती. उघड्यावर, हसत! यांतला सरकारचा खबऱ्या कोणता, हे ताडण्यात माझी दहा मिनिटं गेली. शेवटी पत्रक घेतलं आणि घडी घालून मोज्यात खोचलं.

सभागृह भरत आलं होतं. रिकामी खुर्ची दिसली की आपला हात रुमालाकडे जातो. रुमाल नव्हता, म्हणून पिशवी ठेवून जागा धरली. एक दाढीवाला तरुण बसला होता, त्याच्या शेजारची नाही, एक खुर्ची सोडून पलीकडची. मग निवांत चहाला गेलो.

कप हातात घेऊन परत येतो तो घंटा ठणाणतेय आणि सगळी सभा क्वाडमध्ये. पोर्टर (कॉलेजचा दरवान) ओरडत होता, "निळी कापडी पिशवी! कोणाची आहे?"

पलीकडे रेवा भाषणाचे कागद छातीशी धरून उभी होती. आणि भिंतीपाशी दोन पोलीस त्या दाढीवाल्याला विचारत होते, "तुझ्याजवळच होती ना?"

आता बोलावं, तर व्हिसा डोळ्यांपुढे. मी चहाच्या कपात बघत राहिलो. पोलिसानं खिसे रिकामे करायला सांगितले. त्यानं किल्ल्या, पाकीट, घड्याळ असं ओळीनं काढून कठड्यावर मांडलं, रोजची सवय असल्यासारखं. तेव्हा कुठे माझा हात वर गेला.

"माझी आहे. चकल्या आहेत."

डबा उघडला गेला. पोलिसानं वास घेतला, मला जागा धरण्याच्या प्रथेबद्दल तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा त्याला ती पटली नाही. अखेर नाव-पत्ता लिहून सोडलं. अर्धी मंडळी तोवर निघून गेली होती. उरलेल्यांपुढे रेवा बोलली, आणि झकास बोलली. मी हात लाल होईतो टाळ्या पिटल्या.

नंतर दाढीवाल्याला गाठून माफी मागितली.

तो म्हणाला, "पिशवी ठेवताना मी पाहिलं होतं तुम्हाला. क्वाडमध्येही पाहिलं."

"मग बोट का नाही दाखवलंत?"

"दाखवलं असतं, तर भिंतीपाशी आपण दोघं उभे राहिलो असतो."

सोमवारी ऑफिसात हा किस्सा मी रंगवून सांगितला. घंटा, पोलीस, चकलीचा वास. लोक पोट धरून हसले. मी कपात बघत उभा होतो ती चार मिनिटं मात्र गाळली. रेवालाही "लगेच हात वर केला" असंच सांगितलंय.