बाबांसाठी पेरलेली ज्वारी

बाबांना साखरेचा आजार निघाला तेव्हा मी अकोल्यात नोकरीला होतो. आईबाबा चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावाहून अमरावतीला दवाखान्यात आले, मीही तिथे गेलो. डॉक्टर गोळ्या लिहून देत म्हणाले, "गहू, भात कमी करा. ज्वारीची भाकरी खा, पालेभाज्या खा. शेतकरी माणसं तुम्ही, तुम्हाला काय कमी?"

गावाकडे जाताना बसमध्ये बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "जवारी आता कोनाच्या वावरात हाये?"

खरंच कुणाच्याच नव्हती. माझ्या लहानपणी दिवाळीच्या सुमारास गावाभोवती माणूस दिसू नये एवढी उंच ज्वारी उभी असायची. शाळेतून आलो की आई चुलीवरची भाकर अन् अंबाडीची भाजी वाढायची, वर लसणाचं तेल. गव्हाची पोळी सणाला. पुढे सोयाबीन आलं, संत्र्याच्या बागा वाढल्या. पाखरं आणि रानडुकरं काही ठेवेनात म्हणून एकेकानं ज्वारी सोडली. रेशनचा गहू-तांदूळ घरोघर शिजू लागला. भाजीचीही तीच गत. शेजारच्या माळीकाकूंच्या मळ्यातली मेथी सकाळच्या गाडीनं अमरावतीला जायची आणि आम्ही आठवडी बाजाराची वाट बघायचो.

त्या पावसाळ्यात आईनं कपाशीच्या कडेला ज्वारी पेरली. कणसं दुधावर आली तेव्हा मी सुट्टीत घरी होतो. बाबा दिवसभर वावरात डबा वाजवत फिरत. पण पंचक्रोशीत ज्वारी तेवढीच, सगळी पाखरं तिथंच उतरत. शेवटी आईच्या हाती आलेली कणसं म्हणजे दाणे टिपलेले नुसते झाडू होते.

बाबा म्हणाले, "चाला, पाखराइले तरी साखर होनार नाई."

आई हसली नाही. पुढच्या वर्षी पेरणीआधी ती मला घेऊन माळीकाकूंकडे गेली. काकूंच्या मालकांनाही साखर होती.

"वैनी, तुमाले येड लागलं का?" काकू म्हणाल्या. "पाखरं काई ठेवतात काय?"

"एकटीनं पेरली म्हनून नाई ठेवली," आई म्हणाली. "साऱ्याइनं लागून लागून पेरली तं खाऊन खाऊन किती खातीन?"

काकूंनी ओसरीवर बसलेल्या मालकांकडे एकदा बघितलं. "पेरतो मंग आमी बी. अन् मेथीची जुडी गाडी भरायच्या आधी काढून ठेवत जाईन तुमच्यासाठी."

मग आई साखर असलेल्या इतर घरीही गेली. काहींनी हसून वाटेला लावलं, काहींनी धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून असलेले तुकडे ज्वारीखाली घातले. मधोमध मचाण उभं राहिलं. त्यावर पाळीपाळीनं बसायला आजारी माणसंच. लहानपणानंतर बाबांच्या हातात मी गोफण पहिल्यांदा तेव्हा पाहिली. पहिला दगड मागच्याच बाजूला गेला आणि खालची मंडळी पळाली. चार दिवसांत हात बसला.

पाखरांनी त्यांचं खाल्लंच, एक कोपरा डुकरांनी आडवा केला. तरी घरोघर पोती आली. नवी भाकर पानात पडली तेव्हा बाबांनी ती आधी हुंगली, मग खाल्ली आणि आणखी मागितली.

"डॉक्टरनं पोटभर नाई सांगतली," आईनं टोपली मागं सरकवली.

गोळ्या सुटल्या नाहीत. पण साखर आटोक्यात राहिली आणि बाबांच्या पायाला झालेली, बरेच महिने चिघळलेली जखम भरत आली. बाबा आता नाहीत. मला त्यांची आठवण येते ती त्या वर्षीच्या, काढणीआधीच्या हुरड्याच्या दुपारची. मचाणाखाली सगळे साखरवाले गोल बसले होते, आई प्रत्येकाच्या ओंजळीत मोजकेच दाणे टाकत होती, आणि बाबा तिची नजर चुकवून शेजाऱ्याच्या ओंजळीतले उचलत होते.