आत जायला कारण

दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर मुक्ता आणि तिचे मित्र फासे टाकून खेळायचा तो गोष्टीचा खेळ मांडून बसले होते. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि गोष्ट नेईल तिथे त्याच्यासारखं वागायचं. मी ओट्यापाशी मटार सोलत होते, कान मात्र तिकडे.

मुक्ता म्हणजे माझी लेक, हॉरर सिनेमांची वेडी. पडद्यावर कुणी अंधाऱ्या जिन्याकडे निघालं की ही सोफ्यावरून ओरडते, "अगं बावळट, जाऊ नकोस!" कोण कशामुळे मरतं हे तिला पाठ, म्हणून आज तिने मुद्दाम न मरणारी बाई रचली होती. नातंगोतं नाही, कसलं कुतूहल नाही.

"मग ती भुताच्या बंगल्याबाहेरच उभी राहील," गोष्ट सांगणारा समीर म्हणाला. "तिला आत जायला काहीतरी कारण दे."

खरंच होतं त्याचं. हॉस्पिटलच्या लांबलचक कॉरिडॉरमधून, अवेळी वाजणाऱ्या फोनकडे, नको वाटत असतानाही आपण जातोच ना? पलीकडे कुणीतरी आपलं असतं. जिचं कुणीच नाही ती सुखरूप राहते, पण तिची गोष्ट पायरीशीच संपते.

मुक्ता बराच वेळ फासा मुठीत घोळवत राहिली. मग हळूच म्हणाली, "आत तिची आई आहे."

समीरने फासा टाकायची खूण केली.

"ती दार ढकलते." मुक्ताने मूठ उघडली. फासा घरंगळत निघाला, आणि अर्धी सोललेली शेंग हातात तशीच धरून मी ओठांवर आलेले शब्द कसेबसे गिळले. अगं बावळट, जाऊ नकोस.