मामाजीचा वालचा अम्प्लिफायर

बायांनो, आज मले माही चूक समजली.

आमच्या मामाजीचा, म्हंजे सासऱ्याचा, जुना, रेकॉर्ड ऐकाचा, काचेच्या वालचा (व्हॉल्व्हचा) अम्प्लिफायर बटन दाबलं की लवकर वाजेच ना. मले वाटलं बिघडला. मामाजी हिवरखेडले गेले असताना मी थो अकोल्याच्या दुकानात देल्ला अन् बदल्यात ट्रान्झिस्टरचा नवा आणला.

आज वायर लावाले मेकॅनिक सलीमभाई आले. जुन्याचं सांगितलं तं म्हणे, "वैनी, वाल गरम व्हाले मिनिटभर लागतेच. मशीन चांगली होती, घाई तुमाले होती."

लगेच दुकानात फोन लावला. त्यायनं खोलून सुटे भाग विकून टाकले होते.

मामाजी घरी आले तसं त्यायले सांगितलं. म्हणे, "नवा बी चांगला वाजते, सूनबाई." अन् त्याच्यावर लावलेली रेकॉर्ड अर्ध्यातच काढून कव्हरात ठेवली.

दोन शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. तुमीच सांगा, आता काय करू?