काळीपिवळीतल्या चालीरीती

मुखरूभाऊ खोटं बोलत ते फक्त गाडीच्या बाबतीत, हे आधीच सांगितलेलं बरं. एरवी माणूस देवासारखा. बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्या बायांच्या टोपल्या स्वतः टपावर चढवणार, आजाऱ्याला पुढची सीट देणार. पण "गाडी बंद पडली का जी?" असं कोणी विचारलं की यांचं ठरलेलं उत्तर, "बंद कुठी? थंडी करून राह्यलो." मग अर्धा तास बोनेट उघडं, भाऊ आत कमरेपर्यंत गडप, आणि प्रवासी रस्त्याच्या कडेला चारोळीची फळं, चारं, खात बसलेले.

गाडी म्हणजे जुनी काळीपिवळी जीप. गोंडपिपरीपासून जामटोल्यापर्यंत अठरा किलोमीटरचा जंगलातला रस्ता. त्यात दोन नाले, एक मुरमाचा घाट, आणि बाकी खड्डे. या रस्त्यावर भाऊंनी एकोणीस वर्षं काढली. साबणाच्या वडीने टाकीचं भोक बुजवलं, सायकलच्या ट्यूबने पाइप बांधला, एकदा तर लुगड्याची चिंधी पंख्याचा पट्टा म्हणून फिरवली. त्यांचा एकुलता एक पोरगा हेमराज गोंडपिपरीत मोटारसायकली दुरुस्त करायचा. त्याच्या हाताला गुण होता, तालुकाभर नाव होतं. पण बापाच्या गाडीला हात लावायची त्याला बंदी होती. "तू दोन चाकं पाह्य," भाऊ म्हणत, आणि लांब दोरीने करगोट्याला बांधलेली चाबी कंबरेला खोचून टाकत. झोपतानाही ती तिथेच असायची.

आता याच गाडीपायी हेमराजच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या. पहिले पाहुणे नाल्यात पाच तास अडकले. दुसरे सहा किलोमीटर पायी आले, पाणी प्याले आणि तसेच परत गेले. "बापाची गाडी अशी, तर घर कसं असन," असं त्यांनी गावभर सांगितलं. पोरगा तीस वर्षांचा झाला. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. मुखरूभाऊंच्या बरोबरीच्या सगळ्या माणसांना कोणी ना कोणी इवाई म्हणणारं होतं. त्यांना नव्हतं, आणि हे त्यांना फार लागायचं.

तिसरी सोयरीक नागभीडची आली. मुलगी दिव्यानी. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून घर पाहायला आई आशाबाई आणि मामा देवराव असे दोघंच एसटीने गोंडपिपरीत उतरले. धानाची कापणी होऊन गेली होती, रस्ता कोरडा होता. आज काही झालं तरी गाडी बंद पडली असं दिसू द्यायचं नाही, अशी भाऊंनी मनाशी गाठ मारली.

जंगल सुरू होतं तिथे दगडांची एक रास आहे. येणारा-जाणारा तिच्यावर एक दगड ठेवतो, मगच पुढे जातो. भाऊंनी नेहमीसारखी गाडी थांबवली. आशाबाईंनी उतरून दगड ठेवला, हात जोडले. "चांगली रीत हाये," त्या म्हणाल्या. देवरावांनीही ठेवला. भाऊंच्या डोक्यात तेव्हाच एक किडा वळवळला.

पहिला नाला ओलांडून चढताना बांबूच्या खुंटाने पुढून जाळीला ओरबाडलं. चारशे पावलांवर वाफ निघायला लागली. रेडिएटर गळत होता. भाऊंनी शांतपणे गाडी मोहाच्या झाडाखाली घेतली.

"उतरा जी," ते म्हणाले. "इथी एक रीत हाये. पह्यल्यांदा येणाऱ्या पाहुण्यानं गाडीले हळद वाहाची."

"कोणत्या देवाची?" देवरावांनी विचारलं.

"गाडीच्याच," भाऊ म्हणाले. खऱ्या देवाचं नाव घ्यायची त्यांची छाती झाली नाही.

आशाबाईंच्या पिशवीत घरच्या हळदीची पुडी होती, होणाऱ्या सोयऱ्यांसाठी आणलेली. त्यांनी ती पुढे केली. "जरा दम धरून झाकण खोला, भाऊ," त्या म्हणाल्या, "वाफ हाये."

बाई काळजीवाहू आहे, असं भाऊंना वाटलं. थोड्या वेळाने त्यांनी पाहुण्यांकडे पाठ केली, झाकणावर दुपट्टा टाकून ते फिरवलं, डब्यातलं नाल्याचं पाणी ओतलं आणि मागोमाग अख्खी पुडी रिकामी केली. ओठांनी ते काहीतरी पुटपुटलेही. हळद भोकात जाऊन बसली, गळती थांबली. देवरावांनी बोनेटला नमस्कार केला. भाऊंना हसू आवरेना, म्हणून ते खोकले.

मुरमाच्या घाटात मागचं टायर फाटलं. स्टेपनी होती, पण ती मागच्याच महिन्यात फाटली होती आणि आता टपावर नुसती शोभेला होती. गाव अजून चार किलोमीटर होतं. पायी चाला म्हटलं की संपलंच सगळं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. बाजूच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गावच्या सुकलूचं खळं होतं, आणि खळ्यावर नव्या धानाच्या पेंढ्याचा, तणसाचा ढीग.

"सोयरिकीच्या गाडीत नवं तणस भरून न्याचं असते," भाऊ म्हणाले. "बरकत येते. पाहुण्यांच्याच हातानं आणा लागते."

देवराव आठ कवळ्या आणेपर्यंत घामाघूम झाले. "एवढं तणस कुठी घालून राह्यला हा माणूस?" ते बहिणीला म्हणाले. गाडीच्या पलीकडे भाऊंनी टायर एका बाजूने रिंगेवरून उकललं होतं आणि पहारीच्या टोकाने ते त्यात तणस कोंबत होते.

"आणा न भाऊ, रीत हाये म्हणते न," आशाबाई भावाला म्हणाल्या. मग आवाज थोडा चढवून, "दाबून भरा म्हणा. ढिली राह्यली तर रीत कोसभरात बाहेर येते."

मुखरूभाऊंनी हे ऐकलं, पण त्यांच्या नाकातोंडात तणस होतं आणि विचार करायला वेळ नव्हता.

बैलगाडीच्या चालीने काळीपिवळी जामटोल्यात शिरली. चाकातून तणसाची शेपटी लोंबत होती. हेमराज अंगणात उभा होता. त्याने चाक पाहिलं, वाफेचा पिवळा डाग पाहिला आणि तोंड उघडलं. बापाने डोळे वटारले, त्याने तोंड मिटलं.

चहा झाला, पोहे झाले. भाऊंनी खुशाल सांगून टाकलं, "एकोणीस वर्षांत आपली गाडी रस्त्यात थांबली नाई." आशाबाईंनी हेमराजला जवळ बसवलं, त्याचे काळे झालेले हात उलटसुलट करून पाहिले.

"बापाची गाडी तू काऊन नाई दुरुस्त करत?"

हेमराज खाली पाहत म्हणाला, "हात लावू देत नाई."

"काऊन जी?" त्यांनी भाऊंकडे वळून विचारलं.

खरं उत्तर भाऊंना ठाऊक होतं. पोराने एकदा गाडी नीट केली की मग या रस्त्यावर मुखरूची काय गरज? हे ते आजवर स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

आशाबाईंनी बशी खाली ठेवली. "मालक अंथरुणाला पडल्यापासून ट्रॅक्टर मीच चालवते," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं झाली. रेडिएटरात मीही दोनदा हळद घातली हाये. मले एवढी नाई लागली, अर्ध्या पुडीत काम झालं."

देवराव एकदम बहिणीकडे पाहायला लागले. आपण कशाला नमस्कार केला ते त्यांच्या आता लक्षात येत होतं. मुखरूभाऊंचे कान तापले. गेली तिसरीही सोयरीक, त्यांनी धरून टाकलं. आपल्या हाताने पोराचं वाटोळं केलं. त्यांना मान वर करवेना.

"आमच्या नागभीडकडं पण एक रीत हाये," आशाबाई म्हणाल्या.

भाऊंनी मान वर केली. बाईच्या चेहऱ्यावर हसण्याचा मागमूस नव्हता.

"सोयरीक पक्की झाली का नवरदेवाच्या बापानं गाडीची चाबी पोराच्या हातात द्याची. पोरानं गाडी नीट कराची, आन् बापानंच ती चालवाची. मंग वरात त्याच गाडीतून न्याची."

अशी रीत नागभीडला नाही, चंद्रपूर-गडचिरोलीत कुठेच नाही, हे मुखरूभाऊंना चांगलं ठाऊक होतं. पण म्हणणार कोणत्या तोंडाने? त्यांचा हात करगोट्याकडे गेला. एकोणीस वर्षांची गाठ, नखाने सुटता सुटेना.

आशाबाईंनी तळहात पुढे केला.

"आणा," त्या म्हणाल्या, "गाठ मी सोडून देते, इवाई."