ठिपके आले की चहा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पंचगंगा घाटावर जाऊन बिघडलेल्या फ्लॉप्या गंगेत सोडणं. हसायचं असेल तर हसा. तेव्हा आम्हीही हसलो होतो.

फ्लॉपी म्हणजे कॉम्प्युटरची ती काळी चौकोनी चकती, तळहाताएवढी. बनारसच्या दमट हवेत तिला बुरशी लागते आणि मग मशीन ती वाचत नाही. बाकीचे लोक अशी चकती कचऱ्यात फेकतात. पण आमच्या हिची सवय अशी की कुठल्याही कागदावर आधी वर ‘श्री’ काढल्याशिवाय पुढे हात चालायचा नाही. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, तेव्हा फळ्यावरसुद्धा आधी श्री, मग बेरीज. तशीच प्रत्येक फ्लॉपीच्या चिठ्ठीवर श्री. आणि श्री लिहिलेलं आपल्यात कचऱ्यात जात नाही, पाण्यात जातं. म्हणून निर्माल्याच्या पिशवीत फुलांबरोबर फ्लॉप्या.

हिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यावर हिरवी झापड. पायऱ्या उतरताना माझा दंड धरला होता. पिशवी मी उलटी केली. नाव बांधत बसलेल्या मल्लाहानं पाहिलं आणि विचारलं, “ई कवन देवता हउवन, माई?”

ही म्हणाली, “बिगड़े हुए देवता हैं भैया. अब आराम करेंगे.”

वर चढताना मला म्हणाली, “सकाळी नवीन गाभा लावून बघू. दुपारी लाईट गेली, नाहीतर आजच बघितला असता.”

“बघू,” मी म्हटलं. घरी येऊन खिचडी खाल्ली. पहाटे ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला हृदय. मला ते काही कळत नाही, आणि कळून उपयोगही नाही.

आता हा गाभा काय, ते सांगायला पाहिजे. मी चौथीपर्यंत शिकलो. घरातले सगळे पोथ्या वाचणारे. मी पळालो आणि रेल्वेत फायरमन झालो, इंजिनात कोळसा मारायचा. त्यामुळे मला जे समजतं ते इंजिनावरूनच समजतं.

मुलगी पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिनं आपलं जुनं मशीन आईला दिलं, निवृत्त होऊन बसलीस, काहीतरी कर म्हणून. त्याच्याबरोबर फ्लॉप्यांचा एक गठ्ठा. परदेशातल्या कुठल्याशा मास्तरानं पोरांना शिकवायला लिहिलेली सिस्टीम. लंका भागातल्या दुकानदारांना विचारलं तर ते म्हणायचे, माताजी, ये कोई नहीं चलाता, जो सब चलाते हैं वो डलवा लीजिए. ही ऐकायची नाही. म्हणायची, “यात सगळं उघडं आहे हो. गणितासारखं. कुठली पायरी कुठून आली ते दिसतं.”

त्या सिस्टीमचा जो मुख्य भाग, जो सगळं चालवतो, त्याला कर्नेल म्हणतात. ही गाभा म्हणायची. मशीन चालू केलं की गाभा आपोआप येत नाही. फ्लॉपीच्या अगदी सुरुवातीला एक चिमुकला प्रोग्राम असतो. त्याचं काम इतकंच, की गाभा उचलायचा, मेमरीत नेऊन ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. हे मला लगेच समजलं. थंड इंजिन काही एकदम कोळशावर पेटत नाही. आधी तेलात भिजवलेल्या चिंध्या, मग लाकूड, मग कोळसा. चिंध्या एवढ्याशा, पण त्यांच्याशिवाय काही नाही. आमच्या मशीनच्या चिंध्या पेटल्या की स्क्रीनवर ठिपके यायचे. एकेक ठिपका म्हणजे गाभ्याचा एकेक तुकडा उचलला.

सगळं स्क्रीनवर इंग्रजीत यायचं. मी शेजारी बसून विचारायचो, झालं का चालू. रोज विचारायचो. एक दिवस ही चिडली आणि चौकटीचा कागद घेऊन बसली. एकेक मराठी अक्षर चौकट काळी करून काढलं, अ पासून ज्ञ पर्यंत, काने-मात्रे वेगळे. मग ती सगळी अक्षरं गाभ्यात घातली. किती दिवस गेले त्याचा हिशोब नाही. पण एका सकाळी ठिपके संपले आणि खाली मराठीत ओळ आली:

उठलो. चहा टाका.

मी म्हटलं, “हे कोण बोलतंय? तू का मशीन?”

“मशीन. मी बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं का?”

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. सकाळी ही बटण दाबायची, ठिपके सुरू व्हायचे, मी स्टोव्हला पंप मारायचो. ओळ येईपर्यंत पाणी ठेवून व्हायचं. आधीची इतकी वर्षं चहा तिनंच टाकला होता, मग मशीननं मला कामाला लावलं.

अडचण अशी झाली की अक्षरं घातल्यानं गाभा काठोकाठ भरला, आणि पुढे जरा काही घातलं की फुगायचा. ज्यानं तो चिमुकला प्रोग्राम लिहिला, त्यानं ठरवून टाकलं होतं की गाभा इतकाच मोठा असणार. त्याच्यापुढचं तो उचलत नाही. ठिपके मध्येच थांबतात आणि मशीन मेल्यासारखं पडून राहतं. मग गाभ्यातलं जे नको ते काढायचं. दर वेळी नवीन गाभा बनवताना मशीन प्रश्न विचारतं, हे पाहिजे का, ते पाहिजे का. उत्तर द्यायचं हो किंवा नाही. डोळ्याच्या ऑपरेशननंतर हिला स्क्रीनकडे फार बघायचं नव्हतं, म्हणून बटणं दाबायला मी. इंग्रजी अक्षरं शोधत बसलो तर संध्याकाळ होईल, म्हणून हिनं दोन बटणांवर टिकल्या लावल्या. लाल टिकली म्हणजे हो. काळी म्हणजे नाही. ही एका डोळ्यानं जेमतेम प्रश्न वाचायची आणि खाटेवरून सांगायची.

“नाही.” काळी. “नाही.” काळी. “हेही नाही.”

“बिचाऱ्यानं विचारलं तर एकदा हो तर म्हण.”

“तुम्ही फक्त काळी दाबा.”

“इंजिनांच्या शेडमध्ये एक ड्रायव्हर होता असाच हुकूम देणारा. पण त्याला मिशा होत्या.”

“मलाही येतील तुमच्यासोबत राहून. काळी.”

असं करत करत एकदा गाभा मावला होता. ती चांगली फ्लॉपी रोज चालायची. पण हिचं समाधान नव्हतं. म्हणायची, काढून काढून किती काढणार, तो उचलणारा प्रोग्रामच नव्यानं मांडायला हवा, म्हणजे कितीही मोठा गाभा उचलेल. ते तिनं सुरू केलं होतं. अर्ध्यात राहिलं. शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही आणखी एक गाभा बनवला. त्या दिवशी एका प्रश्नाला ती हो म्हणाली. एवढं आठवतं, कारण मी लाल दाबली आणि म्हटलं, वा. कशाला हो म्हणाली ते मला माहीत नाही. गच्चीवर माकडं पापडाला लागली होती, मी काठी घेऊन धावलो.

मुलगी आली ती दिवस करूनच परत जाणार होती. तेराव्याचं आवरलं आणि मी तिला म्हटलं, “मशीन लाव.”

“आत्ता, बाबा?”

“आत्ताच. इतके दिवस बंद आहे.”

तिनं खणातली फ्लॉपी घातली. श्री लिहिलेली एकच होती तिथे. ठिपके आले, आले, आणि मध्येच थांबले. तिनं पुन्हा लावून बघितलं. तिथेच थांबले. ती म्हणाली, ही आईची शेवटची असणार, हिच्यात गाभा मोठा झालाय. जुनी चांगली कुठे आहे?

आम्ही कपाट काढलं, गाद्या उचलल्या, देवघराच्या खालचा कप्पा बघितला. मग मी खाली बसलो. एका डोळ्यावर झापड असताना हिनं चांगली-वाईट निवडली होती. जुनी चांगली त्या निर्माल्याच्या पिशवीत गेली होती. कोणावर रागवायचं? मल्लाहावर?

मुलगी म्हणाली, “काही हरकत नाही, माझी मूळ फ्लॉपी मी आणलीय.” तिनं ती लावली आणि मशीन चालू झालं. सगळं इंग्रजीत. मशीनच्या पोटात आईनं केलेलं सगळं जागच्या जागी होतं, अक्षरंसुद्धा. मी म्हटलं, मग बनव पुन्हा गाभा. ती म्हणाली, बनवते, पण कुठली कुठली उत्तरं दिली होती? शेवटच्या दुपारी जुनी उत्तरं पुसून नवी बसली होती, आणि नव्यांचा गाभा मावत नव्हता.

“बाबा, तुम्हीच बटणं दाबत होतात ना? आईनं काय काय काढलं होतं?”

“ती नाही म्हणायची, मी काळी दाबायचो.”

“पण कशाला नाही?”

“मला इंग्रजी वाचता येतं का?”

मी बोटांकडे बघत राहिलो. सगळी उत्तरं ह्या बोटांनीच दिली होती. एकाही बोटाला काही आठवत नव्हतं.

तिनं फार खटपट केली, ते सांगायला पाहिजे. एखादी गोष्ट काढायची, गाभा बनवायला लावायचा. त्याला तासभर लागायचा. मध्ये लाईट जायची, पुन्हा पहिल्यापासून. बनलाच तर फ्लॉपी घालून बघायचं. ठिपके यायचे, मी उभा राहायचो. ठिपके थांबायचे, मी बसायचो. एकदा तिनं असं काही काढलं की मशीनला आपलं स्वतःचं पोटच सापडेना. ते परत घातलं, तर पुन्हा फुगलं. ती म्हणायची, “हे मावत नाहीय, बाबा. थोडक्यासाठी राहतंय.” मी विचारलं, “मग तो उचलणारा प्रोग्राम? आई नव्यानं मांडत होती तो?” म्हणाली, “ते मला नाही येत. मी कंपनीत ह्या बाजूचं काम करत नाही. आईनं अर्धं लिहिलंय, पण पुढे काय करायचं होतं ते तिच्या डोक्यात.”

शेडमध्ये इंजिन पेटलं नाही तर मी काहीतरी करू शकत होतो. जाळी हलव, राख काढ, फुंकर घाल, शिव्या दे. इथे शिवी द्यायलासुद्धा जागा कळत नव्हती. मी चहा करून आणून द्यायचो. तेवढंच.

तिची रजा संपली. जायच्या दिवशी सामान बांधून झालं होतं, रिक्षा यायला वेळ होता. तिनं मशीन लावलं, मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, “बाबा, एक उपाय आहे. सगळ्यात जास्त जागा त्या अक्षरांनी खाल्लीय. ती काढली की लगेच मावतं. बाकी आईचं सगळं तसंच राहील. मी ह्याच प्रश्नावर आणून ठेवलंय. तुम्ही काळी दाबा, मशीन आपोआप गाभा बनवून ठेवेल.”

“अक्षरं काढली तर ती ओळ?”

“ओळ येईल. पण चौकोन चौकोन दिसतील.”

“वाचता येणार नाही.”

“नाही.”

“आणि लाल दाबली तर?”

“तर जे आहे तेच. थांबून बसेल.”

लाल टिकली थोडी उखडली होती, काळी घट्ट होती. जास्त वापरली ती काळी, पण उखडली लाल. मी लाल दाबली.

“बाबा.”

“असू दे. चौकोन बघायला मी चालू करू का ते?”

“पण मग ते कधीच चालू होणार नाही.”

“नाही झालं तर नाही.”

ती रडली. मी नाही. रिक्षा आली, मी ट्रंक उचलून दिली, स्टेशनपर्यंत गेलो. गाडी हलल्यावर ती खिडकीतून म्हणाली, मी पुण्यात कोणाला तरी विचारते, बाबा. मी मान हलवली. विचारेल. सापडेल का कोणी, मला माहीत नाही. येताना गोदौलियाच्या चौकापासून पायी आलो, कारण घरी लवकर पोचून करायचं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, तोंड धुतलं. हिची ती श्री लिहिलेली फ्लॉपी खणातून काढून मशीनमध्ये घातली आणि बटण दाबलं. पंखा घुरघुरला. ठिपके यायला लागले, एकेक करून, तसेच नेहमीसारखे. मी स्टोव्हला पंप मारला आणि पाणी ठेवलं. वळून बघितलं तेव्हा ठिपके थांबले होते, ओळीच्या अर्ध्यात. थोडा वेळ बघत राहिलो. मग पाण्याला उकळी आली आणि मी चहा टाकला.