खंडेनवमीचा बिल्ला

तो मच्छिंद्र अन् मी गोरक्षनाथ. नावं गुरू-चेल्याची, पन त्याचा चेला व्हायला मला कधीच जमलं न्हाई.

नागापूरच्या कारखान्यात आमी दोघं लोखंडी टाक्यांच्या जोडाचे फोटो काढायचो. आतली चीर दाखवनारं किरनांचं यंत्र हुतं. मुंबईला परीक्षा दोघांनी दिली, दोघंबी पास. पन जबाबदार मानूस म्हनून मालकांनी नाव धाडलं मच्छिंद्रचं, अन् यंत्राच्या खोलीची किल्ली त्याच्या करदोड्याला गेली. तिथूनच माझ्या पोटात दुखायला लागलं.

त्र्यान्नवला कारखाना बंद पडला. सगळे घरी, मच्छिंद्र तेवढा कामावर. का, तर कायदा! यंत्र मुंबईला परत जाईस्तवर परीक्षा पास झालेला मानूस त्याच्यावर पाहिजेच. मी टेम्पोत कांद्याच्या गोण्या भरायचो अन् हा छातीवर बिल्ला लावून सायकलीवरून जायचा. अंगाला किती किरनं लागली ते त्या बिल्ल्यातल्या फिल्मवर उमटायचं. पन ऐट अशी, जसा काय फौजदारच.

खंडेनवमीला त्यानं मला बोलावलं. एकट्यानं कसली पूजा, म्हनला. यंत्राला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, अन् छातीवरचा बिल्ला काढून यंत्रावरच ठेवला.

"अरे, तिथं नगं ठेवू, यंत्र बंद असलं तरी थोडी किरनं झिरपत्यातच," मी म्हनलो.

"हेच आपलं हत्यार. दसरा झाला की उचलतो."

पूजेतलं हत्यार मधीच हलवत न्हाईत. किल्लीवाल्याला शिकवनारा मी कोन?

पुढं बिल्ला तपासनीला गेला अन् मुंबईहून हुकूम आला. मच्छिंद्रला लई किरनं लागलीत, चौकशी होईस्तवर त्याला कामापासून लांब ठेवा. मालकांनी किल्ली माझ्या हातात दिली. त्या दिवशी मी घरी जिलबी नेली.

मच्छिंद्रनं पूजेचं सांगितलं, पन नुसत्या त्याच्या बोलन्यावर कोन इश्वास ठेवनार? त्याची बायको मनकर्णा आमच्या दारात आली. "भावजी, तुमी हुता ना तिथं? ह्यांनी जेवन सोडलंय," म्हनली. खरं बोलावं तर किल्ली जाते, गप बसावं तर हा झुरून मरतो.

चौकशीचे सायेब आले. मी दातओठ खात पूजेचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी मच्छिंद्रला चांगलं झापलं अन् कामावर घेतलं.

मी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. त्याच्या डोळ्यांत पानी आलं. "गोरख, तू हुतास म्हनून वाचलो," म्हनला. त्याच्या जागी मी असतो, तर इतकं मनापासून मला म्हनता आलं नसतं. तिथंबी पठ्ठ्या माझ्या पुढंच.